वरती थांबणारीचा दम

वैद्य: आणि हे अंगठ्याला काय झालं?

मानसुन: काय व्हायचंय? सुई टोचली.

वैद्य: शिवताना?

मानसुन: मी काय शिंपीण आहे? मुद्दाम टोचली. अन्न अडकलं होतं छातीत. दोरा आवळला, नखाच्या मुळाशी टोचलं, काळं रक्त काढलं. तुझी आईही हेच करायची, विसरलास? तुला टोचायचं म्हटलं की अख्खी गल्ली गोळा व्हायची. एवढा रडका होतास.

वैद्य: मावशी, दोन्ही अंगठ्यांना मिळून अकरा भोकं आहेत.

ह्येरिम: बारा. आज सकाळचं धरून.

मानसुन: बघ. हिला एवढंच काम. सासूची भोकं मोजायची.

वैद्य: बारा वेळा अन्न अडकलं?

मानसुन: अडकतं! वय झालंय. ज्वारीबाजरी पचत नाही आता.

ह्येरिम: डॉक्टर, गेल्या गुरुवारी यांनी सकाळपासून काहीसुद्धा खाल्लं नव्हतं. पाण्यात उतरायच्या आधी खात नाहीत. रिकाम्या पोटात काय अडकणार? आणि अडकलं म्हणून कोणी पाण्यावर तरंगायच्या गोळ्याला मिठी मारून थरथरतं का? तोंड पांढरं, ओठ निळे, बोटं वाकडी. 'मेले मेले' म्हणत होत्या.

मानसुन: मी म्हटलं नाही.

ह्येरिम: बरोबर बुडी मारणाऱ्या अकरा बायकांनी ऐकलं.

मानसुन: अकरा बायका बहिऱ्या आहेत. चाळीस वर्षं कानात पाणी गेलंय त्यांच्या.

वैद्य: शहरात दवाखान्यात नेलं होतंस ना?

ह्येरिम: दोनदा. हृदयाची तपासणी झाली, फुफ्फुसाचा फोटो झाला, रक्त झालं. हे सगळे कागद. काही नाही म्हणाले. मनाचा झटका आहे, भीतीचा. गोळ्या लिहून दिल्या, त्या यांनी कोंबड्यांना...

मानसुन: कोंबड्यांना नाही दिल्या. उगाच बोलू नकोस. कचऱ्यात टाकल्या. अरे थेह्योक, मला, मला भीतीचा झटका! पंधराव्या वर्षापासून पाण्यात आहे मी. पोटुशी असताना उतरत होते. जेगुन जन्मला त्याच्या आदल्या दिवशी मी टोपलीभर शंख काढले. आणि तो काल मिशी फुटलेला पोरगा मला म्हणतो, आजी, तुम्हाला कशाची भीती वाटते? मी म्हटलं, तुझ्या तोंडाच्या वासाची.

ह्येरिम: खरंच म्हणाल्या. मला तिथं जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

वैद्य: मनगट द्या इकडं. उशीवर ठेवा. आणि दोघी जरा...

मानसुन: लवकर आटप. परवा समुद्र उघडतोय, सगळ्या बुडी मारायला उतरणार. इनजानं सगळ्यांसमोर सांगितलं, वैद्याचा शब्द आणल्याशिवाय तू खोल पाण्यात यायचं नाहीस. इनजा! जिला मी दम धरायला शिकवलं. आज बायकांची अध्यक्षीण झाली तर मला सांगते, मावशी, तुम्ही आजींच्या समुद्रात जा.

वैद्य: त्यात वाईट काय आहे?

मानसुन: तू तिथं गेलायस कधी? किनाऱ्यालगत, कमरेएवढं पाणी. ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलंय. ज्यांना काठी लागते त्या तिथं जातात, बुडबुड करतात, मूठभर शेवाळ घेऊन येतात आणि सगळ्या म्हणतात, वा आजी, किती छान. मी एकाहत्तरची आहे. मी पहिल्या फळीतली आहे, कळलं? मला कोणी 'वा आजी' म्हटलं तर मी त्या दिवशीच मरेन.

वैद्य: गप्प बसा. नाडी बोलायला लागलीय आणि तुम्ही तिच्यावर ओरडताय.

मानसुन: बोलू दे. काय म्हणते?

वैद्य: ताणलेल्या तारेसारखी आहे. मधेच दचकते. काही औषध घेता?

मानसुन: नाही.

ह्येरिम: डोकेदुखीची पूड.

मानसुन: ती काय औषध आहे? ती सगळ्याच घेतात. पाण्यात उतरायच्या आधी घेतली नाही तर डोकं फुटतं.

वैद्य: किती?

मानसुन: एक.

ह्येरिम: आई.

मानसुन: दोन. हल्ली तीन. छातीत धडधडतं ना, म्हणून एक जास्त.

वैद्य: धडधडतं म्हणून? अहो, त्या पुडीत कॉफीचाच अंश आहे! धडधड थांबवायला धडधडीची पूड खाताय? वर कॉफी किती?

ह्येरिम: साखरेची, पाकिटातली. पाच कप.

मानसुन: चार. पाचवा अर्धा सांडतो.

वैद्य: या पुडीपायी मी या गावात म्हातारा होणार. प्रत्येक बाई येते, प्रत्येकीला सांगतो, आणि बाहेर पडली की प्रत्येकीच्या खिशात पूड असते. माझी आईसुद्धा चोरून घ्यायची. आजपासून बंद. एकदम नाही, या आठवड्यात एकावर आणा. कॉफी दोन कप.

मानसुन: म्हणजे तेच कारण? मग झालं. लिहून दे, पुडीनं झालं. इनजाला दाखवते.

वैद्य: ते तेल आहे मावशी. आग दुसरीकडं आहे. छातीवर दाबतो हं, इथं मधोमध.

मानसुन: आई गं! मेल्या, हात आहे की टिकाव!

वैद्य: बोट लावलंय नुसतं. हे असं दुखतं तेव्हा काहीतरी तिथं कोंडून ठेवलेलं असतं. आता नीट ऐका. श्वास फुफ्फुसं आत घेतात, पण त्याला खाली ओढून धरतं ते मूत्रपिंड. नांगरासारखं. आणि भीती बसते तीही तिथंच. भीती बसली की नांगर सुटतो. मग श्वास वरच्यावर, गळ्याशी तडफडतो, कितीही घेतला तरी पुरत नाही. तुमचं तेच होतंय. त्यात हृदय आणि पित्ताशय दोन्ही दचकलेली आहेत. पित्ताशय लहान झालंय.

मानसुन: काय म्हणालास?

वैद्य: ग्रंथात तसं म्हणतात.

मानसुन: मला भेकड म्हणालास? माझं पित्ताशय लहान? उठते मी. ह्येरिम, माझे मोजे कुठायत?

ह्येरिम: बसा हो! एक तास गाडी चालवून आणलंय मी तुम्हाला. आज संत्र्यांच्या कोठारात माझा कामाचा दिवस होता. बसा.

मानसुन: बघ कशी बोलते. डेगूची आहे. तिकडं समुद्र नाही, सासूशी बोलायची रीतही नाही.

वैद्य: मावशी, झटके किती आले? सगळे सांगा. खोटं सांगितलंत तर सुई जाड घेईन.

मानसुन: तीन.

ह्येरिम: चार. पहिला गेल्या महिन्यात, भरतीच्या आधी, बाहेरच्या खडकापाशी. दुसरा त्याच खडकापाशी पाच दिवसांनी. तिसरा घरी. चौथा गेल्या गुरुवारी, परत पाण्यात. तो सगळ्यांनी पाहिला.

वैद्य: पाण्यात म्हणजे खाली असताना? की वर यायला लागल्यावर?

मानसुन: खाली? खाली मला काय होणार? खाली गेलं की सगळं शांत असतं.

वैद्य: मग?

मानसुन: वर. गोळ्याला धरून तरंगत होते.

वैद्य: तिन्ही वेळा?

मानसुन: हो, तिन्ही वेळा. त्यात काय? थकल्यावर बाई थांबते की नाही गोळ्याला धरून?

वैद्य: आणि घरी काय करत होता?

मानसुन: लसूण सोलत होते. परसात.

वैद्य: लसूण सोलताना दम कोंडला?

मानसुन: तिखट होता.

ह्येरिम: मी तिथंच होते. मी टपात होते.

वैद्य: कसल्या टपात?

ह्येरिम: तो लाल रबरी. कोबी खारवायचा.

मानसुन: विचार, विचार तिला काय करत होती! कोबीच्या टपात पाणी भरून तोंड बुडवून बसली होती बाई. गुडघ्यावर बसून, ढुंगण वर. शेजारीण भिंतीवरून बघत होती.

ह्येरिम: सराव करत होते! दमसास वाढवायला. यांना वाटतं मला येत नाही काही. तीन वर्षं झाली मी पाण्यात जातेय. बुडी शिकवायच्या शाळेतून शिकून दाखला घेतला, बँकेची नोकरी सोडून आले मी इथं. आणि या अजून माझी ओळख करून देतात ती कशी? 'ही आमची डेगूची कोंबडी, पाणी पाहिलं की पंख झटकते.'

मानसुन: लाडानं म्हणते.

ह्येरिम: लाडानं? आणि माझं जनबोक समुद्रात फेकलंत तेही लाडानं?

वैद्य: कधीची गोष्ट ही?

ह्येरिम: गेल्या महिन्यातली. सगळ्यांच्या देखत. एवढं मोठं, माझ्या पंजाहून मोठं, खडकाला चिकटलेलं, शिंपल्यांतलं सगळ्यात महागडं. माझं पहिलं. हातातून ओढून घेतलं आणि फेकून दिलं. वर मला हावरट म्हणाल्या. शेकोटीपाशी कोणी माझ्याशी बोललं नाही त्या दिवशी. डॉक्टर, पंधरा-पंधरा वर्षं सापडत नाही असं ते जनबोक होतं. यांना नाही सापडलं आणि मला सापडलं, दुखणं एवढंच आहे.

मानसुन: मला? माझ्या हातून किती निघाली मोजायला बसलीस तर तुझी बँक कमी पडेल.

वैद्य: मग फेकलंत का?

मानसुन: लहान होतं.

ह्येरिम: लहान होतं?

मानसुन: तू गप्प बस.

ह्येरिम: बसते! गप्प बसायलाच तर शिकतेय इथं. डॉक्टर, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चालतोय ना? या म्हणतात माझा दम बेडकाएवढा आहे. बघा तुम्हीच. दोन मिनिटं. इथं बसल्या बसल्या दाखवते.

मानसुन: काही गरज नाही.

वैद्य: थांबा. मावशी, हात तसाच राहू द्या, माझी बोटं नाडीवर आहेत. ह्येरिम, दाखव. काटा वर आला की घे.

(ह्येरिम एक लांब श्वास घेते, नाक चिमटीत धरते आणि डोळे मिटते.)

मानसुन: हा काय पोरखेळ लावलायस? तू वैद्य आहेस की जत्रेतला गारुडी?

वैद्य: बोला तुम्ही. तुमचा जेगुन कसा आहे?

मानसुन: बोटीवर आहे. पुढच्या महिन्यात येईल. यंदा माकूळ मिळत नाही म्हणतो, पार रशियाच्या बाजूला गेलेत. ...किती झालं?

वैद्य: कशाचं?

मानसुन: काही नाही. त्याला म्हटलं, लोकरीचे मोजे ने. नेले नाहीत. एकोणतीस, तीस. त्याचे पाय लहानपणापासून गार.

वैद्य: तुम्ही मोजताय.

मानसुन: कोण मोजतंय? अठ्ठेचाळीस. तुझ्या इथं हा वास कसला येतो, मुळ्या जाळतोस की चपला? छप्पन्न. ह्येरिम, पुरे झालं.

वैद्य: राहू द्या तिला.

मानसुन: पुरे म्हणते ना. बघितलं त्यानं. सत्तर. अगं सोड. रंग बघ तिचा.

वैद्य: रंग चांगला आहे. तुमचा बघतोय मी.

मानसुन: नव्वद. सोड. ह्येरिम. सोड गं. सोड की... थेह्योक, तिला सांग... मला... हवा... खिडकी...

ह्येरिम: आई! आई, काय होतंय? सोडला, हा बघा सोडला मी. डॉक्टर!

मानसुन: येत नाही... श्वास येत नाही... मेले...

वैद्य: नाही मरत. मावशी, इकडं बघा. आत ओढू नका. आत जागाच नाही, भरलंय सगळं. आधी बाहेर सोडा. शीळ घाला.

मानसुन: काय...

वैद्य: पाण्यातून वर आल्यावर घालता ती शीळ. ओठ आवळा. लांब.

मानसुन: जमिनीवर... कोण...

वैद्य: तुम्ही. घाला.

मानसुन: हु... हुई...

वैद्य: अजून लांब. तळपाय धर गं त्यांचे, पंजाखालच्या खळगीत अंगठा दाब. जोरात.

मानसुन: हुईईई...

वैद्य: परत.

मानसुन: हुईईईई...

ह्येरिम: किती गार पडलेत पाय.

वैद्य: परत. असं. आता आपोआप आत येईल, ओढायची गरज नाही. खांदे पाडा.

मानसुन: ...दुखतंय. नखं काप तुझी.

वैद्य: बोलायला लागल्या. झालं. आडव्या व्हा. सुया घालतो, चार-पाच. मनगटाच्या आतल्या बाजूला, पायाला. हलू नका.

ह्येरिम: डॉक्टर, हे काय झालं? मी नुसती बसले होते.

वैद्य: तुझ्या पहिल्या जनबोकच्या दिवशी तू खाली किती वेळ होतीस?

ह्येरिम: माहीत नाही. ते सुटत नव्हतं. दोन मिनिटं असेल.

मानसुन: एकशे अडुसष्ट.

ह्येरिम: काय?

मानसुन: एकशे अडुसष्ट मोजले मी. गोळा नुसता हलत होता लाटेवर. तीनदा खाली गेले, पाणी गढूळ, तू दिसत नाहीस. चौथ्यांदा जाणार तर तू वर आलीस, ओठ शाईसारखे, आणि दात काढून हसत होतीस. हातात ते घेऊन.

ह्येरिम: मग तेव्हा सांगायचं ना! तेव्हा बोलायचं. तुम्ही मला हावरट म्हणालात.

मानसुन: मग काय म्हणू? दम संपल्यावर खाली राहते ती हावरटच. तिथं जो श्वास घेतला जातो तो पाण्याचा असतो, परत कोणी सोडत नाही. शाळेत शिकवलं नाही हे? दाखल्यावर लिहिलं नाही?

ह्येरिम: शिकवलं. पण त्याच दिवशी सकाळी शेकोटीपाशी कोण म्हणालं होतं, डेगूची पोर जनबोक काढेल त्या दिवशी मी समुद्र सोडीन? सगळ्या हसल्या होत्या. इनजासुद्धा.

वैद्य: मावशी, हलू नका म्हटलं ना.

मानसुन: मी म्हणाले.

ह्येरिम: हो. तुम्हीच.

मानसुन: मी म्हणाले, म्हणून तू खाली थांबलीस. वर गोळ्यापाशी मला माहीत होतं ते. मोजत होते आणि माहीत होतं. जेगुनला काय सांगू, तुझी बायको माझ्या तोंडापायी खाली राहिली? ...तू असा बघू नकोस थेह्योक. सुया घाल तुझ्या.

वैद्य: घातल्या. म्हणजे तेव्हापासून ही बुडी मारते आणि दम तुम्ही धरता. ती वर येऊन शीळ घालते, मोकळी होते. तुमचा आतच राहतो. मग त्याच कोंडलेल्या छातीनं तुम्ही पुन्हा खाली जाता. वर तीन पुड्या. अहो, तुम्ही गुरुवारी मेला नाहीत हेच नवल.

मानसुन: परवा जायचंय.

वैद्य: खोल नाही.

मानसुन: अरे...

वैद्य: पंधरा दिवस खोल नाही. काढा पाकिटांत भरून देतो, दोन वेळा, गरम करून प्यायचा. कडू आहे. दिवसाआड इथं यायचं. आणि रोज सकाळी परसात बसून शंभर शिळा. तुम्ही इनजाला काय हवं ते सांगा, मी कागदावर आजींचा समुद्रच लिहिणार. तिथंसुद्धा एकटीनं नाही. कुणीतरी वर थांबून तुमच्यावर नजर ठेवलेली हवी.

मानसुन: तुझी आई असती तर तुला चपलेनं हाणलं असतं.

वैद्य: असती तर तिलाही हाच कागद दिला असता. वीस मिनिटं पडून राहा. मी काढ्याचं बघून येतो. भांडा, पण हात हलवू नका.

ह्येरिम: ...पाणी देऊ?

मानसुन: आडवं पडून कसं पिऊ? नाकात घालशील.

ह्येरिम: आई, परवा मीही तिकडंच येते. आजींच्या समुद्रात.

मानसुन: तू कशाला? तू चौतीसची. परवा बाहेरच्या खडकावर शंखांचा ढीग असेल. वेडी आहेस का? बायका हसतील.

ह्येरिम: मला हसतील. सांगा त्यांना, डेगूच्या कोंबडीला धड येत नाही, म्हणून पहिल्यापासून शिकवतेय. माझ्या अंगावर ढकला. मला सवय आहे.

मानसुन: असं सांगू?

ह्येरिम: तुम्ही तर तीन वर्षं तेच सांगताय.

मानसुन: ...नको. तसं नाही सांगायचं. तू जनबोक काढलंस. एवढं मोठं मी एकोणीसशे ब्याण्णवनंतर पाहिलं नव्हतं.

ह्येरिम: लहान होतं म्हणालात मघाशी.

मानसुन: तोंड बंद कर. सुया टोचतात.

ह्येरिम: तुमच्यासाठी कोण थांबायचं वर? तुम्ही नवीन होतात तेव्हा? तुमच्या सासूबाई?

मानसुन: ती? तिला शेत होतं, दोन डुकरं होती. बाकीच्या आपापल्या गोळ्याखाली. कोण कुणासाठी थांबतंय, दिवस केवढासा असतो. थांबलं तर टोपली रिकामी.

ह्येरिम: म्हणजे कोणीच नाही? इतकी वर्षं?

मानसुन: कशाला हवं होतं? मी येत होते की वर.

ह्येरिम: पाय अजून गार आहेत. पांघरूण घालते.

मानसुन: ह्येरिम.

ह्येरिम: काय?

मानसुन: परवा वर थांबशील?